त्रेचाळीस वेळा धाडकन

रास अल खैर, सौदी अरेबिया,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय उल्हास,

नमस्कार. तू बरा असशील, आणि नसलास तरी मला कळवणार नाहीस, हे धरून चालतो.

आम्ही तिघं ठीक. शीलाचे गुडघे आहेत तसेच, नूपुर बारावीला. तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून हे पत्र सुमीतच्या हाती देतोय. माझ्याच प्लँटवरचा, नाशिकचा मुलगा, तीन आठवड्यांच्या सुट्टीवर येतोय. त्याला दारातून परत पाठवू नकोस.

बातमी अशी, की फ्रेंच प्रहसनकार ब्रेलूझवरचं माझं पुस्तक पुण्याचा एक प्रकाशक काढतोय. अकरा वर्षं गेली त्यात. आधी एका प्राध्यापकांना वाचायला दिलं होतं. त्यांनी विचारलं, "फ्रेंच कुठे शिकलात?" म्हटलं, "कंट्रोल रूममध्ये, डबा खाताना." ते हसले. मी त्यांच्याच लेखातल्या सहा चुका तारखांसह कळवल्या.

पुस्तकात ऑक्ताव्ह ब्रेलूझची अख्खी कारकीर्द आहे. नोटरीकडे कारकून, पहिलं प्रहसन तीन रात्रींत पडलं, मग चौदा वर्षं पॅरिसमध्ये हाउसफुल, आणि शेवटी एका खेड्यात कोंबड्या पाळत मेला. एकूण प्रहसनं एकतीस. परिशिष्टात 'आधी कडी लावा', त्याच्या गाजलेल्या प्रहसनाचं २००९ला आपण नाशिकला केलेलं रूपांतर.

त्याचाच प्रयोग गेल्या शुक्रवारी धाहरानला एका निवासी कंपाउंडच्या हॉलमध्ये केला. अडीचशे मराठी माणसं. तेरा वेळा हसली. नाशिकला अठ्ठेचाळीस वेळा हसली होती, मी मोजलं होतं.

नटांनी घोळ घातला. नवऱ्याचं काम करणारा जाफर, रत्नागिरीचा, प्लँटच्या शटडाउनमुळे तीन तालमींना नव्हता. त्याला म्हटलं, "दुसऱ्या अंकात तू अर्धा सेकंद उशिरा बोललास." तो म्हणाला, "उदयभाय, माजा वाक्य बरोबर होता. दार बघा तुमचा."

दारं मी भंगारातल्या पोर्टाकॅबिनची आणली होती. चारही खरी, वर दार आपोआप मिटवणारे क्लोजर बसवलेले. प्रत्येक क्लोजर मी स्वतः सेट केला. बरोबर चार सेकंद, आवाज शून्य. प्लँटवर दार असंच लागायला हवं. आता तू डोळ्यांपुढे आण: नवरा सासऱ्याला चुकवून खोलीत घुसतो, आणि मागे दार सावकाश, अदबीनं मिटतं. सासऱ्याला वाटलं असतं तर तेवढ्यात आत येऊन चहा घेता आला असता.

नूपुर म्हणाली, "बाबा, इट वॉज लाइक अ हॉस्पिटल."

दुसऱ्या दिवशी २००९ची वही काढली. समासात तुझ्या वाकड्या अक्षरात 'धाडकन' लिहिलंय. त्रेचाळीस ठिकाणी. तू प्लायवूडच्या दारामागे फळी घेऊन उभा राहायचास आणि नटाचा शब्द संपायच्या जरासा आधी हाणायचास. नाटकाची पुस्तिका छापताना मी ते सगळे काढून टाकले. फळी आपटणं म्हणजे काय लेखन? आणि ते काढल्यावर वर दुसरं नाव कशाला, असं मी स्वतःला पटवलं. तुझं नाव छापखान्यात राहून गेलं, हे मी तुला सांगितलं ते खोटं होतं.

शेवटच्या फोनवर तू ओरडला होतास, "तुझा ब्रेलूझ एकटा कधी चाललाच नाही!" मी म्हटलं, तुला फ्रेंच येत नाही, तू बोलू नकोस. पुस्तकात मी लिहिलं होतं, की पुढे लोकांची आवड बदलली, म्हणून त्याची शेवटची प्रहसनं पडली.

आकडे मला तेव्हाही पाठ होते, उल्हास. बावीस प्रहसनं त्यानं कोर्सिएबरोबर लिहिली. तिकडे जोडीनं लिहायची रीतच होती. ब्रेलूझ संवाद लिहायचा. दारं, जिने, कोण कुठून येणार, हे कोर्सिए बघायचा. बाविसाव्याच्या जाहिरातीवरून ब्रेलूझनं त्याचं नाव काढायला लावलं. कोर्सिए त्याला सोडून गेला. उरलेल्या नवांपैकी एकही दहा रात्री चाललं नाही. आवड बदलली नव्हती. त्याच वर्षी कोर्सिएचं दुसऱ्या कुणाबरोबरचं नाटक दोनशे रात्री चाललं. हे मला माहीत होतं आणि मी ते गाळलं होतं.

ते प्रकरण परवा पुन्हा लिहिलं. शीला म्हणाली, "फ्रान्समधलं निस्तरलंत. नाशिकचं काय?"

सोबत परिशिष्टाच्या पहिल्या पानाचं प्रूफ आहे. दोन्ही नावं एकाच टायपात, पट्टीनं मोजली आहेत. तुझं वर. पान पंधरा डिसेंबरपर्यंत प्रकाशकाला द्यायचंय. नाव नको असेल तर खोडून सुमीतकडे दे, मग मी नाटकच पुस्तकातून काढीन. राहू दिलंस, तर वहीची झेरॉक्सही जोडली आहे. त्रेचाळीसही 'धाडकन' जागेवर लावून दे. शब्द संपायच्या किती आधी, ते मला स्टॉपवॉच लावूनही सापडलेलं नाही.

कोर्सिए गेल्यानंतरचा,
उदय