सासऱ्यांच्या रास्पबेरी आणि माझी कात्री

१२ मार्च
सासऱ्यांचं घर विकलं, आता पाडणार. बायकोने तिथून एकच गोष्ट मागून घेतली, अंगणातली रास्पबेरीची तीन झुडपं. आज मागच्या कुंपणालगत लावली. म्हणाली, बाबा गेले, घरही गेलं, एवढी तरी जगवा. म्हटलं, माझ्यावर सोड. बत्तीस वर्षं ऑफिसातला रेकॉर्ड सेक्शन सांभाळलाय, तीन झुडपं म्हणजे किस झाड की पत्ती!

२० जुलै
हिरव्या कांड्या छातीपर्यंत. फळ शून्य. साहजिक आहे, नव्या माणसालाही टेबलावर रुळायला वेळ लागतो. जॅमसाठी बारा बरण्या आणून ठेवल्या.

४ डिसेंबर, सकाळी ९
पानं गळली, कांड्या तपकिरी पडल्या. मेल्याच म्हणायच्या. जुन्या फायली काढल्याशिवाय कपाटात जागा होत नाही. नवी कात्री घेऊन सगळ्या जमिनीलगत उडवल्या. बायकोने विचारलं, बाबा एवढं कापायचे का? म्हटलं, बाबांची पद्धत जुनी.

११.३०
कंबर धरली.

५ जुलै, दुसरं वर्ष
पुन्हा नुसत्या हिरव्या कांड्या. खतवाल्याला झापलं. म्हणाला, साहेब, पानं तर झकास आलीत. पानांचा जॅम होत नाही, असं सुनावलं.
आपले दोन कोंब कुंपणाखालून शेजाऱ्याकडे निघालेत. उपटा म्हटलं, तर म्हणाला, राहू द्या हो, तुमचं काय खातात? अत्यंत आळशी माणूस. हाती कधी खुरपं धरत नाही.
बायको रोज चहाचा कप घेऊन झुडपांपाशी उभी राहते. भांडली असती तर परवडलं असतं.

३० नोव्हेंबर
ठराव: यंदा कात्रीला हात लावायचा नाही.

१ डिसेंबर
तपकिरी कांड्या बघवत नाहीत. एकच कापली.

२ डिसेंबर
एक कापल्यामुळे बाकीच्या उंचसखल दिसत होत्या. सगळ्या एका मापात आणल्या. माप, जमीन.

६ जुलै, तिसरं वर्ष
माझ्याकडे पानं.
दुपारी शेजारी वाडगा घेऊन आला. काठोकाठ लाल रास्पबेरी. म्हणाला, तुमच्याच आहेत, त्या दोन कोंबांच्या. काय केलंत विचारलं. म्हणाला, काहीच नाही. कांडी पहिल्या वर्षी वाढते, हिवाळ्यात तपकिरी होऊन झोपते, दुसऱ्या वर्षी फळते. फळून गेली की मग कापायची. हे म्हणे त्याच्या आईलाही ठाऊक होतं.
म्हणजे दर डिसेंबरला मी नेमका पुढचा जुलै कापत होतो.
बायकोने एक तोंडात टाकली. म्हणाली, बाबांच्याच. आणि ओट्याला टेकून रडायला लागली. वाडगा धरून तसाच उभा राहिलो. फार वाईट वाटलं.

७ जुलै
भरपाई म्हणून शेजाऱ्याकडे गेलो. म्हटलं, फळं संपली की तुमची छाटणी मी करून देतो. त्याने घाईघाईने चहा टाकला आणि विषय बदलला.
घरी आलो तर खिळ्यावर कात्री नाही. बायकोला विचारलं. म्हणाली, सकाळीच शेजाऱ्यांकडे दिलीय, सांभाळायला. बाराही बरण्यासुद्धा.