चार नंबरचं तेल

एलोवित्सा, १९ मार्च

प्रिय स्नेझा,

तुझं पत्र परवा पोचलं. हल्ली सगळे फोनवर अंगठ्यानं काहीतरी टिचकवतात. तू मात्र कागदावर लिहिलंस, तेही मला चष्म्याशिवाय वाचता येईल अशा ठसठशीत अक्षरात, म्हणून मीही कागदच घेतलाय. तू प्लॉव्हदिव्हमध्ये स्वतःचा ट्रक घेतलास हे वाचून मी वर्कशॉपात एकटाच मोठ्यानं हसलो. सात वर्षांची असताना बापाच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरायचीस आणि हॉर्न वाजवण्यापलीकडे तुला काही सुचायचं नाही! पत्रात तू दोन गोष्टी लिहिल्यास. एक म्हणजे प्रश्न: गिअरबॉक्स जुना आहे, तिसरा गिअर टाकताना करकर करतो, तर तेल कुठलं घालू? आणि अगदी खाली, सहीच्या वर, एक वाक्य: ‘काळजी करू नका काका, डिझेल वाचवायला मी उतारावर गाडी न्यूट्रलला सोडत नाही, मी बाबांवर गेलेली नाही.’ प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते सोपं आहे. वाक्याचं उत्तर मी पंचवीस वर्षं देत नाहीये.

तर तेल. गिअरबॉक्सच्या अंगावर एक पत्र्याची पट्टी असते, ती घासून वाच, आणि गाडीचं पुस्तक मिळालं तर तेही. दुकानदाराचं ऐकू नकोस, माझंही आधी ऐकू नकोस. घट्टपणाचा आकडा पट्टी सांगेल तोच घे. मग डब्यावर दुसरा आकडा बघ, जीएल चार की जीएल पाच. लोकांना वाटतं पाच म्हणजे चारपेक्षा चांगलं. तसं नाही. पाच नंबरच्या तेलात गंधकाचा मसाला दुप्पट असतो, मागच्या अ‍ॅक्सलच्या दातांना तो लागतो. पण तुझ्या गिअरबॉक्समध्ये पितळी रिंगा आहेत. गिअर बदलताना दोन चाकांचा वेग जुळवून देतात त्या. त्या पितळेला हा मसाला गरम झाला की हळूहळू खातो. या जातीच्या गिअरबॉक्सला चारच लागतं. काही डब्यांवर चार आणि पाच दोन्ही छापलेलं असतं, ते तर दुकानातच ठेव. आणि काढायच्या आधी भरायचा बोल्ट सैल होतोय का ते बघ, नाहीतर जुनं तेल जमिनीवर आणि नवीन डब्यात, अशी फजिती होते. माझी झालीय, म्हणून सांगतो.

पण तुझा तिसरा आत्ताच करकरतोय, त्यामुळे नुसतं तेल बदलून भागणार नाही. गिअरबॉक्स उघडून घे. उघडेपर्यंत माल भरून घाटात जाऊ नकोस. गिऱ्हाईक रुसलं तर रुसू दे. हे मी विनंती म्हणून लिहीत नाहीये.

आता जरा जुनं सांगतो. आमच्या लाकूड खात्याच्या वर्कशॉपात एकच पिंप होतं. काळं, जाड तेल. गिअरबॉक्सला तेच, अ‍ॅक्सलला तेच, दाराच्या बिजागरीलासुद्धा तेच. आमचे जुने फौजी ट्रक काहीही प्यायचे आणि तक्रार करायचे नाहीत. आम्ही तेल बोटांवर चोळून, नाकाशी धरून पारखायचो, आणि जितका घाण वास तितकं तेल दमदार, असं मी छातीठोकपणे सांगायचो. डब्यावरचं वाचणं म्हणजे मेकॅनिकचा अपमान वाटायचा. मग खातं मोडलं, ज्यानं त्यानं आपापलं बघितलं, आणि तुझ्या बाबानं जर्मनीतून आलेला तो निळा ट्रक घेतला. स्टोईलनं गाडी आणली त्या दिवशी सेव्हदानं, तुझ्या आईनं, शुभ म्हणून चाकांपुढे पाण्याची कळशी ओतली आणि मी गाडीखाली शिरलो. काय गिअरबॉक्स होता तो! बोटाच्या टोकानं गिअर पडायचा. स्टोईल वरून ओरडला, “काय रे रांगल्या, खाली झोपलास का? का लग्न लावून देऊ तुझं तिच्याशी?” मी म्हटलं, “लावून दे, तुझ्या हाताखाली नांदण्यापेक्षा बरी राहील.”

त्या गाडीला पिंपातलं तेल नको, एवढं मला कळलं होतं. म्हणून मी मुद्दाम स्मोल्यानला गेलो. दुकानात दोन डबे होते, चार आणि पाच. मित्राची गाडी, त्याला कमी कशाला घ्यायचं म्हणून पाच घेतला. उघडून हुंगला, गंधकाचा असा भपकारा आला की मी खूश झालो. स्टोईलला म्हटलं, “असलं तेल मंत्र्याच्या गाडीत नसेल.” त्यानं मला मिठी मारली आणि तुमच्याकडे जेवायला नेलं. सेव्हदानं बटाट्याचं पातात्निक केलं होतं. तू टेबलाखाली मांजर घेऊन बसली होतीस.

वर्ष-दीड वर्षानं तो म्हणायला लागला, “अरे, तिसऱ्याला दात आलेत. चावतो.” मी म्हटलं, “गिअरला नाही, तुझ्या हाताला आलेत. लाकडं तोडल्यासारखा गिअर टाकतोस तू.” चारचौघांत म्हटलं, सगळे हसले, तोही हसला. पुन्हा दोन महिन्यांनी आला. या वेळी हसला नाही. म्हणाला, “रांगेल, चेष्टा सोड. घाट उतरताना चौथ्यावरून तिसरा टाकायला गेलो की गाडी मधेच न्यूट्रलला लटकते, सगळा भार ब्रेकवर येतो. मला भीती वाटते.” स्नेझा, तुझा बाप भीती वाटते असं म्हणणारा माणूस नव्हता. मी तेल काढलं. बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतं, लोखंडाचा चुरा त्याला चिकटतो. ते स्वच्छ होतं. मी ते त्याला दाखवलं, “हे बघ, काही नाही.” तो घरी गेला. मग मी तसराळं उन्हात नेलं, तर तेलात सोनं तरंगत होतं. बारीक, झगमगणारी पितळेची भुकटी. पितळ चुंबकाला चिकटत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आणि का उतरलं असेल, तेही मला तिथंच उमगलं. तेल निवडलं होतं मी, आणि गावभर मिरवलं होतं मी. मी ते तेल गाळलं, परत त्याच गाडीत भरलं आणि त्याला सांगितलं, “ईस्टर झाला की उघडून बघू, तोवर चालव.” ईस्टरपूर्वी सगळ्यांनाच खेपा संपवायच्या असतात, त्यालाही ते पटलं.

पुढचं तुला माहीत आहे, किंवा तुला सांगितलंय ते माहीत आहे. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातला गुरुवार, दुपारचे बारा. तुझी आई ईस्टरची अंडी लाल रंगवत होती, ती धावत आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत लाल होते आणि लोकांना वाटलं तिलाच लागलंय. ओंडक्यांनी भरलेला ट्रक शेवटच्या वळणावर खडकावर गेला होता. खाली चौकात बाजार होता, तिथवर गाडी पोचली नाही. तपासायला तीन माणसं आली. गिअर न्यूट्रलला सापडला, ब्रेक जळलेले. त्यांनी मला विचारलं, “गिअरबॉक्समध्ये काही दोष होता?” मी म्हटलं, “नाही. पंधरा दिवसांपूर्वी मीच बघितला.” सही केली. त्यांनी लिहिलं, डिझेल वाचवण्यासाठी चालकानं गाडी न्यूट्रलमध्ये सोडली. घाबरलो होतो मी, बाळ. तुरुंगाला घाबरलो, आणि त्याहून जास्त, गावात कुणी मला गाडी दाखवणार नाही याला. निळा ट्रक भंगारात गेला. मी मात्र राहिलो.

तेव्हापासून दर वर्षी सेव्हदा त्याच्या फोटोची शोकपत्रिका घेऊन यायची आणि ती माझ्याच वर्कशॉपच्या फाटकावर चिकटवायची. इथं तो जास्त रमायचा, म्हणायची. पावसानं कागद फिका व्हायचा, एक डोळा जायचा, मग पुढच्या वर्षी पुन्हा नवा चेहरा. रोज सकाळी कुलूप काढायला मला त्याच्यासमोर उभं राहावं लागे. ती माझ्या हातावर त्याच्या नावानं साखर घातलेले उकडलेले गहू ठेवायची आणि मी ते खायचो. तोंडात कोंबून गिळायचो म्हण. हाताला गंधकाचा वास यायचा, साबणानं जायचा नाही. पाच नंबरचा डबा मी पुन्हा कधी गिअरबॉक्ससाठी उघडलेला नाही, तरी तो वास येतो. बायको म्हणायची तुझ्या नाकात दोष आहे. तिला बिचारीला काय सांगणार?

गेल्या हिवाळ्यात तुझी आई आजारी होती तेव्हा, तू पोचायच्या आदल्या दिवशी, मी तिच्याजवळ बसलो होतो. ती अगदी शुद्धीवर होती. म्हणाली, “रांगेल, मी त्याला माफ नाही केलं. दोन लिटर डिझेलसाठी पोरीला बापाविना टाकून गेला. आता वर गेल्यावर त्याच्याशी बोलायचं कसं?” मला एवढंच म्हणायचं होतं की त्याची चूक नव्हती. माझं तोंड उघडलं, आणि मी तिला विचारलं, “पाणी देऊ का?” ती पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी तू आलीस, तिसऱ्या दिवशी ती गेली. ती नवऱ्यावर रागावूनच गेली, आणि तो राग माझ्या वाटणीचा होता.

तू लिहिलं नसतंस तर मी हे असंच घेऊन गेलो असतो, एवढा भेकड आहे मी. पण तुझ्या त्या वाक्यानंतर मला दोन रात्री झोप नाही, कारण एक गोष्ट फक्त मला माहीत आहे. त्या गुरुवारी मी घाटाच्या पायथ्याशी झऱ्यावर कॅन भरत होतो. गावानं ब्रेकचा वास घेतला, धडक ऐकली. मी त्याच्या आधीचं ऐकलं. इंजिनाचा आवाज एकदम चढला, मग गिअरच्या दातांची किरकिर, मग पुन्हा चढला, आणखी वर, पुन्हा किरकिर. असं चार वेळा. गाडीचा वेग वाढत होता आणि गिअर बसावा म्हणून तो दर वेळी इंजिन त्या वेगाच्या बरोबरीला आणत होता, नेमका, जसं वस्तादानं करावं तसं. कॅन भरून वाहत होता आणि मी मोजत उभा होतो. डिझेल वाचवणारा माणूस इंजिनाला असं ओरडायला लावत नाही. तो गाडी न्यूट्रलला सोडून उतरत नव्हता, स्नेझा. तो तिसरा गिअर टाकत होता, शेवटच्या वळणापर्यंत टाकत होता, आणि तो पडला नाही माझ्यामुळे. हे पत्र तू कुणालाही दाखव, जिथं द्यायचं तिथं दे. मी इथंच आहे. आणि कुणी विचारलं, तर तू बाबांवरच गेली आहेस असं सांग.

तुझाच म्हणवून घ्यायचा हक्क तू ठेवलास तर तुझाच,
रांगेलकाका