राजीनाम्याला शोभेल असा शब्द

२ ऑगस्ट, रविवार. सकाळ
ठरलं. सोसायटीचं सेक्रेटरीपद सोडायचं. आजच्या आज. नवघर रोडवरच्या या बिल्डिंगसाठी हाडं झिजवली. पंप, टँकर, लिफ्ट, वरच्याच्या बाथरूममधून खालच्याच्या डोक्यावर गळणारं पाणी. आता बस्स.

कारणही भक्कम आहे. आमच्या लेकीचे, रीमाचे दिवस सप्टेंबरअखेर भरतायत. डॉक्टरने प्रवास नको म्हटलंय, त्यामुळे तिला माहेरी येता येत नाही. म्हणून आम्ही दोघांनीच नाशिकला जायचं, चांगलं तीन महिने राहायचं. शैलाला तसं कबूल केलंय.

पत्र इंग्रजीतच. बिल्डिंगमध्ये गुजराती, मारवाडी, मराठी सगळे आहेत. इंग्रजीत लिहिलं की कुणाला राग येत नाही. कुणी वाचतच नाही, असं शैला म्हणते.

संध्याकाळ
‘आय लीव्ह द पोस्ट.’ छ्या. डिक्शनरी काढली. ‘लीव्ह’ म्हणजे सोडणे, निघणे, मागे ठेवणे, दुसऱ्याच्या भरवशावर टाकणे, शिवाय रजा. एवढ्या गर्दीत माझा राजीनामा कुठे दिसणार? कंपनीच्या डिस्पॅचमध्ये उभी हयात पत्रं लिहिण्यात गेली. मी असलं पत्र देणार नाही. उद्या दुसरा शब्द.

६ ऑगस्ट
‘क्विट’. महिनाही योग्य, ‘क्विट इंडिया’चा. पण आमचा ट्रेझरर सुभाष म्हणाला, चिडून गेल्यासारखं वाटतं.
सुभाष पद घ्यायला अजिबात तयार नव्हता. सभेच्या दिवशी सासुरवाडीला गेला होता. मी त्याचं नाव सुचवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, झालं. जो गैरहजर तो बिनविरोध, ही पद्धत आपल्याकडे मीच पाडली. अजून एकदाही फसलेली नाही.

१३ ऑगस्ट
‘रिलिंक्विश’! काय वजन आहे. चेअरमन गुणवंतभाईंच्या दुकानात जाऊन अख्खं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, बहोत अच्छा लिखा है, पर किस बारे में है?
सोपा शब्द हवा.

१९ ऑगस्ट
‘रिटायर’. शैला म्हणाली, एकदा झालात ना.

२३ ऑगस्ट
‘व्हेकेट’. सुटसुटीत. मसुदा नोटीस बोर्डावर लावला. लोकांच्या मनाची आधीच तयारी झालेली बरी.

२४ ऑगस्ट
दुपारी एक एजंट पार्टी घेऊन फ्लॅट बघायला आला. तिसऱ्या मजल्यावरच्या हेमालीबेनने पाठवलेला. तिने बोर्डावर वाचलं की परब खाली करतायत. मी ओरडणार, तोवर शैलाने त्यांना पाणी देऊन बाल्कनी दाखवलीसुद्धा. पार्टीला बाल्कनी आवडली.
मसुदा काढला.

२९ ऑगस्ट
शैला विचारते, तिकीट एक काढू की दोन? हा काय प्रश्न झाला? दोन काढ म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि एकच काढलं. दुसरं नंतर काढता येतं म्हणे.

६ सप्टेंबर
‘स्टेप डाउन’ जवळजवळ नक्की केला होता. पण लिफ्ट पुन्हा बंद पडलीय. सातव्या मजल्यावरच्यांना हा शब्द टोचेल.

११ सप्टेंबर
गणपती तोंडावर आले. सणासुदीत राजीनामा बरा दिसत नाही. बाप्पा गेले की लगेच.

१६ सप्टेंबर
काल आमचा दीड दिवसाचा गणपती गेला. आज शैला गेली.
बॅग तिने माझीही भरलीय. दाराशी ठेवलीय. मी नीट समजावलं, की २७ला वार्षिक सभा आहे, तिथे रीतसर मोकळा होतो आणि मागोमाग येतो. रिक्षात बसताना म्हणाली, "गुणवंतभाईंना फोन करून ‘मी चाललो’ एवढं सांगा की. त्याला डिक्शनरी कशाला लागते?"
शैलाला ड्राफ्टिंग कळत नाही. रिक्षा वळेपर्यंत खाली उभा होतो. घर फार मोठं वाटतंय.

२२ सप्टेंबर
रीमाचा फोन. बाबा, कधी येताय? येतोच म्हटलं.
आणि फोन ठेवल्या ठेवल्या शब्द सापडला. ‘डिमिट’! बड्या पदांवरचे लोक हाच वापरतात. इतके दिवस होता कुठे?

२६ सप्टेंबर
पत्र गुणवंतभाईंच्या हातात दिलं. पोचल्याची सही घेतली. सुटलो!
उद्याच्या सभेला मी जाणार नाही. समोर दिसलो तर लोक गळ घालणार, हेमालीबेन डोळे पुसणार, आणि मी विरघळणार. त्यापेक्षा चेणे गावाला जातो, जुन्या ऑफिसातल्या धर्माकडे. फोन बंद. माझी किंमत त्यांना माझ्या गैरहजेरीतच कळेल.

२७ सप्टेंबर. चेणे, दुपार
धर्माच्या अंगणात खाटेवर पडलोय. पंपाचा आवाज नाही. स्वर्ग. आत्ता तिकडे मनधरणीचे ठराव चालले असतील.
धर्माची आई जिजाबाई विचारत होती, बायको न्हाय आणली? म्हटलं, नाशिकला आहे, मुलगी बाळंत व्हायचीय. मग तू इथे काय करतोस, असं तिने विचारलं. जुनी माणसं काहीही विचारतात.

२८ सप्टेंबर
घरी येऊन फोन चालू केला. सुभाषचा मेसेज: अभिनंदन.
त्याला गाठलं. पत्र वाचलं गेलं. इंग्रजी सगळ्यांना आवडलं. राजीनामा लगेच मंजूर झाला. एकमताने. कुणी गळ घातली का, असं मी सहज विचारलं. नाही म्हणाला. मग नवा सेक्रेटरी कोण, यावर सगळे जमिनीकडे बघायला लागले. तेव्हा सुभाष उठला आणि म्हणाला, "आज गैरहजर कोण आहे?"
टाळ्या खूप वाजल्या म्हणे. मुदत पाच वर्षं.

मग शैलाचे मिस्ड कॉल दिसले. रांगेने. काल दुपारी रीमाला मुलगी झाली. मी खाटेवर पडलो होतो तेव्हा.

फोन लावला. मागून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. शैलाने विचारलं, सुटलात का? मी म्हटलं, राजीनामा मंजूर झाला. खोटं नाही ते. मग कधी येताय, असं तिने विचारलं. तेवढ्यात खालून हेमालीबेनची हाक आली, परबभाई, पानी नहीं आ रहा.
शैलाला म्हटलं, एक मिनिट थांब, पंप लावून येतो.
पंपाची चावी दाराशी, बॅगेवरच होती. वर आलो तेव्हा तिने फोन ठेवला होता.