आतल्या खुर्चीचा सूड

२ जानेवारी, सकाळ
ठरलं. परदेशी जायचं. संगीतात पोस्ट-ग्रॅज्युएशन करायचं. कारण एकच, कोपरसम्राट. (संगीतावरचं प्रेम वगैरे आहेच. ते अर्जात लिहिता येईल.)

कोपरसम्राट म्हणजे ऑर्केस्ट्रात माझ्या डाव्या हाताला बसणारा व्हायोलिनवाला. वाजवायला लागला की त्याचं कोपर माझ्या बरगडीत. दोघांत स्वरलिपीचा एकच स्टँड. तो बाहेरच्या खुर्चीवर, म्हणजे श्रोत्यांच्या बाजूला. मी आतल्या खुर्चीवर. नियम असा की पान संपत आलं की आतल्याने वाजवणं थांबवायचं, पान उलटायचं आणि मग पुन्हा सामील व्हायचं. बाहेरचा वाजवत राहतो, म्हणजे सूर तुटत नाही. जगभर हेच चालतं म्हणे. जगभर माझ्यासारखे किती जण दातओठ खात बसले असतील, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

काल कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारबाई आल्या. कोपरसम्राटाला म्हणाल्या, किती गोड वाजवता हो! मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, आणि तुम्ही पानं फार छान उलटता.

बस्स. परदेशी शिकून यायचं, बाहेरच्या खुर्चीवर बसायचं, आणि या माणसाला आत बसवून माझी पानं उलटायला लावायची. तेही नाकावर टिच्चून.

५ जानेवारी
कॉलेज निवडायला घेतलं. तीन माहितीपत्रकं जेवणाच्या टेबलावर मांडली. आईने विचारलं, कुठे गरम पाणी चोवीस तास असतं. ताईने विचारलं, कुठे कोण शिकवतं ते बघितलंस का. ताई बालवाडीत पियानो वाजवते, त्यामुळे प्रश्नही त्याच पातळीचे. मी म्हटलं, ते दुय्यम आहे. मुख्य निकष वेगळा आहे. कुठला ते सांगितलं नाही.

निकष : कुठल्या कॉलेजचं नाव ऐकून कोपरसम्राटाचं तोंड उतरतं.

८ जानेवारी
चाचणी घेतली. तालमीच्या सुट्टीत चहा घेताना सहज बोलल्यासारखं एकेक नाव टाकलं.

पहिलं, काचेच्या सभागृहाचं. तो म्हणाला, छान आहे म्हणतात. बिस्किट खात राहिला. बाद.

दुसरं, छोट्या गावातलं. तो खूश झाला! म्हणाला, तिथल्या बाई मूळ सवयींवर काम करून घेतात, फार समजून घेतात, तुझ्यासारख्याला अगदी योग्य. माझ्यासारख्याला म्हणजे? ताबडतोब बाद. घरी येऊन माहितीपत्रक कुंडीखाली ठेवलं.

तिसरं, समुद्रकाठचं, सर्वांत कडक. बिस्किट तोंडापाशी थांबलं. मग म्हणाला, मला तिथे दोनदा नाही म्हणाले.

आहाहा! निवड झाली. आयुष्यातला इतका मोठा निर्णय इतक्या सोप्या रीतीने घेणारा मी पहिलाच असेन.

१२ जानेवारी
ताई म्हणते, सूड घ्यायला कोणी शिकायला जातं का. मी म्हटलं, तू तुझी बालगीतं वाजव. तिने पियानोचं झाकण उघडलं. मग स्वतःहूनच म्हणाली, ऑडिशनला पियानोची साथ मी देते. तिची लायकी नाही, पण फुकट आणि घरात आहे.

१९ जानेवारी
जाईपर्यंत सूड हप्त्याहप्त्याने वसूल करायचा, असा विचार आहे. आज पहिला हप्ता. पान मुद्दाम उशिरा उलटलं. कोपरसम्राटाला सगळं तोंडपाठ. त्याला कळलंसुद्धा नाही. मात्र मी कुठे आहे हेच मला कळेना, आणि नको त्या शांततेत माझा एकट्याचा सूर खणखणीत वाजला. आमचे कंडक्टर, ज्यांना मी मनातल्या मनात काडीवाले सर म्हणतो, त्यांनी काडी माझ्याकडे रोखली. सगळ्यांनी वळून पाहिलं.

तत्त्वतः हप्ता वसूल झाला.

३ फेब्रुवारी
समुद्रकाठच्या कॉलेजचा निरोप आला. मार्चमध्ये ऑडिशन, व्हिडिओवरून, तीन परीक्षकांसमोर. एक पूर्ण रचना, पाठ. समोर कागद चालणार नाही. ऑर्केस्ट्रात वर्षानुवर्षं वाजवतो त्यातलीच एक घेतली.

उत्तम. कागद नाही म्हणजे पानं नाहीत. माझी गुलामगिरी संपल्याचं आणखी काय प्रमाण हवं?

१० फेब्रुवारी, संध्याकाळ
ताईबरोबर पहिला सराव. मध्येच थांबून म्हणते, अरे, इथे तू बंद पडतोस आणि मी एकटीच वाजवत बसते. मी म्हटलं, तू घाई करतेस. ती म्हणाली, मी तिथल्या तिथे आहे, तूच दोन ओळी गाळून पुढे येतोस. मी म्हटलं, मी श्वास घेतो. म्हणते, व्हायोलिनला श्वास कशाला लागतो?

बालवाडीत राहून राहून माणसाची दृष्टी कशी बारीकसारीक गोष्टींत अडकते ते बघा.

१७ फेब्रुवारी
ताई पुन्हा तेच. चार ठिकाणी पेन्सिलने खुणा करून ठेवल्यात तिने. आई स्वयंपाकघरातून ओरडली, ती सांगते तर ऐक की रे! घरात माझ्याविरुद्ध आघाडी उघडली आहे. मी खुणा खोडल्या. खोडरबर ताईचंच वापरलं.

२४ फेब्रुवारी
आज कहर झाला. तालमीआधी कोपरसम्राट म्हणाला, ऑडिशनपर्यंत तू बाहेरच्या खुर्चीवर बस, मी आत बसतो. पानाअखेरीला थांबायची आतल्याला सवय लागते ना, ती मोडेल. काडीवाले सरांना मी विचारून ठेवलंय.

विचारून ठेवलंय! माझ्या अपरोक्ष! मला खुर्ची भीक म्हणून नकोय, हिसकावून हवी आहे. तसं बोललो नाही. थँक्स, गरज नाही, एवढंच थंडपणे म्हटलं. त्याला चांगलंच लागलं असणार. त्याने फक्त बरं म्हणून मान डोलावली. जखमी माणसं अशीच मान डोलावतात.

१ मार्च
परदेशासाठी ओव्हरकोट काढला. काकांचा. आरशासमोर उभा राहून निरोपाचं भाषण पाठ केलं. “या ऑर्केस्ट्राने मला खूप काही दिलं” इथे कोपरसम्राटाकडे पाहून थोडं हसायचं. हसण्याचा सराव केला. आई म्हणाली, दात दुखतोय का.

९ मार्च, सकाळ
आज ऑडिशन. कोपरसम्राटाचा मेसेज आला, मनापासून शुभेच्छा. मनापासून! धाबं दणाणलंय त्याचं.

९ मार्च, दुपार
झालं. इंटरनेट उत्तम, मी अतिउत्तम. तिन्ही परीक्षक शेवटी कितीतरी वेळ काहीच बोलले नाहीत. भारावले होते. मग मधल्या चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, चार ठिकाणी तुम्ही हाताने काय करत होता? मी म्हटलं, भाव. त्यांनी विचारलं, तेव्हा संगीत कुठे गेलं? मी म्हटलं, शांतता हेही संगीतच आहे. त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहून घेतलं. उद्धृत करणार असतील.

ताई पियानोचं झाकण लावून स्वयंपाकघरात गेली. तिलाही भरून आलं असावं.

१४ मार्च
ऑर्केस्ट्रात जाहीर करून टाकलं की मी जातोय. औपचारिकता तेवढी बाकी आहे. ढोलवाल्याने विचारलं, मग पानं कोण उलटणार? मी कोपरसम्राटाकडे पाहिलं. तो टाळ्या वाजवत होता. नाटकी!

२८ मार्च
नाही म्हणाले.

२९ मार्च
अंगाचा तिळपापड झालाय. त्यांनी लिहिलंय, सूर चांगला आहे, पण उमेदवार चार ठिकाणी वादन सोडून देतो आणि काही ओळींनंतर पुन्हा सुरू करतो. रचनाकाराने असं लिहिलेलं आम्हाला आढळलं नाही. कालपासून कोणाकोणाला धडा शिकवायचा त्यांची नावं मनात घोळवतोय. तिन्ही परीक्षक आले. इंटरनेट कंपनी आली. ताई सर्वांत वर, कारण साथ तिचीच कच्ची होती. ऑडिशनचं रेकॉर्डिंग तिने ठेवलंय. ते बघून तिची चूक तिच्या तोंडावर फेकणार.

३० मार्च
बघितलं.

पहिल्यांदा वाटलं, व्हिडिओत कोणीतरी गडबड केलीय. व्हायोलिन हनुवटीखाली धरून मी थांबतो. डावा हात पुढे जातो. हवेत, जिथे काहीच नाही तिथे, बोटं कोपरा पकडतात आणि पान उलटतात. सफाईने, आवाज न करता. मग मी पुन्हा वाजवायला लागतो. तेवढा वेळ ताई एकटी, माझी जागा भरून काढायला जरा जोरात वाजवतेय.

चारही वेळा तसंच. म्हातारबाई खरं बोलल्या होत्या. मी खरंच छान उलटतो.

ताईला विचारलं, त्या गाळलेल्या ओळी कशा आहेत? तिने वाजवून दाखवल्या. काय सुंदर आहेत! कुठल्याही पानाचा शेवट मी वर्षानुवर्षं वाजवलेलाच नाही, फक्त शेजारून ऐकलाय, आणि तोही नीट नाही, कारण तेव्हा मी कोपऱ्याकडे बघत असतो. रडू आलं. ताईने पाठीवर हात ठेवला. मी म्हटलं, ॲलर्जी आहे.

ताईची साथ कच्ची नव्हती. हे तिला सांगायला हवं. सावकाश सांगेन.

२ एप्रिल
तालमीला मुद्दाम उशिरा गेलो. सगळ्यांना कळलेलं. ढोलवाला ढोलाची दोरी बघत बसला. कोपरसम्राट आतल्या खुर्चीवर बसलेला! बाहेरची रिकामी. म्हणाला, बस. आज पानं माझ्याकडे.

दोन जानेवारीपासून जे स्वप्न बघत होतो ते हुबेहूब समोर. तो आत, मी बाहेर, आणि माझी पानं त्याने उलटायची. फक्त मी हिसकावलं काहीच नव्हतं. म्हणाला, मलाही दोनदा नाही म्हणाले होते, दोन्ही वेळा घरी जाऊन झोपलो. मग हळूच म्हणाला, छोट्या गावातल्या त्या बाईंकडे अर्ज अजून घेतायत. हे याने सुचवलंय, म्हणजे तिथे जाणं आता शक्यच नाही. (कुंडीखालचं माहितीपत्रक ओलं झालंय. वाळत घातलंय. सहज.)

वाजवायला लागलो. पान संपत आलं. त्या शेवटच्या दोन ओळी, माझ्या, आल्या. कोपरसम्राटाचा हात पुढे गेला. माझाही. दोघांनी एकच कोपरा धरला आणि आमच्या स्टँडवर वाजवायला कोणीच उरलं नाही. काडीवाले सरांनी काडी खाली ठेवून विचारलं, तुमच्यापैकी व्हायोलिन कोण वाजवतं? कोपरसम्राट म्हणाला, हा. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा माझा हात गेला. या वेळी पान फाटलं.

तिसऱ्यांदा सुरू करायच्या आधी मी उठलो आणि म्हटलं, सरक. तो बाहेरच्या खुर्चीवर सरकला. मी आतल्या खुर्चीवर बसलो. त्याचं कोपर बरगडीत बसलं, नेहमीच्याच जागी. जरा बरं वाटलं.

फाटलेलं पान मी वेळेवर उलटलं.