उंदरांच्या अफूबद्दल आबामामांना खुलासा

परभणी,
रविवार, २६ ऑक्टोबर १९८६

तीर्थस्वरूप आबासाहेब मामांना सुमंगलाचा वाकून नमस्कार. मामींना दोनदा, कारण माझं पत्र वाचून आधी त्याच शांत होतात. त्यांचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला गेला का? माझी तब्येत ठणठणीत आहे, फिकीर नसावी.

आपल्या शेजारच्या किशनरावांनी सोनपेठच्या बाजारात सांगितलं म्हणे, की आबासाहेबांची भाची परभणीत अफूचा धंदा करते. मामा, अफू खरी आहे, धंदा नाही. आपल्या मेंदूत आपलं शरीरच अफूसारखं द्रव्य बनवतं. लागलं, भाजलं, तर ते दुखणं सोसायला मदत करतं. पण ते आधी लांबलचक तयार होतं. एन्झाइम नावाचा एक कापणारा त्याचे तुकडे करतो, तेव्हाच ते कामाला येतं. तुमच्या सुपारीसारखंच. अडकित्ता हरवला, तर चंचीभर सुपारी असून तोंड रिकामं. (वैशाखातल्या लग्नात तुम्ही कसे चिडला होतात, आठवा.) काही उंदरांत हा अडकित्ता जन्मापासूनच नसतो. मग त्यांच्या मेंदूत ते तुकडे झेलणारी जी ठिकाणं असतात, ती वाढतात की घटतात? एवढाच माझ्या पीएच.डी.चा प्रश्न, आणि त्यात माझी तीन वर्षं गेली.

गेल्या वर्षीचे उंदीर उन्हाळ्यात मेले. गेल्या महिन्यात माझे मार्गदर्शक सर म्हणाले, आता शेवटची संधी; औरंगाबादहून बारा उंदीर मिळताहेत, जाऊन घेऊन ये. सहा बिनअडकित्त्याचे, सहा चांगले. सगळे पांढरेशुभ्र, जुळ्या भावंडांसारखे, म्हणून शेपटीवर शाईच्या खुणा. खोका मांडीवर घेऊन मी एस.टी.त बसले. शेजारी दत्तराव नावाचे जिंतूरकडचे शेतकरी होते. खोक्यात काय आहे हे कळल्यावर त्यांनी आपली पिशवी उघडून दाखवली. मग म्हणाले, "आमी उंदरावरची दवा घेऊन जायलोत, आन तुमी उंदीर घेऊन जायलाव?"

देवगाव फाट्याच्या अलीकडे गाडीनं असा काही गचका खाल्ला, की गाडीही बंद आणि खोक्याचं झाकणही उघडं. बाराच्या बारा उंदीर सीटखाली! बायका बाकांवर चढल्या. कंडक्टर बन्सीधर शिट्टी वाजवत सुटले (उंदरांसाठी की माणसांसाठी, ते त्यांनाही ठाऊक नसावं). मी दारात आडवी उभी राहून रडायला लागले. माझं रडणं बघून मात्र सगळी गाडी गुडघ्यावर आली. टोपीत, पदरात, रिकाम्या डब्यात, अर्ध्या तासात बाराही उंदीर हाती लागले. पण दत्तराव फार टापटिपीचे. हाती आलेला प्रत्येक उंदीर त्यांनी धोतराच्या सोग्यानं नीट पुसून दिला. एकाही शेपटीवर खूण राहिली नाही. "चकाचक केले बघा," म्हणाले. मला हसावं की रडावं कळेना.

गाडी दुरुस्त होईपर्यंत आम्ही फाट्यावरच्या कडूबाईंच्या चहाच्या टपरीवर बसलो. तिथं उकळतं आधण बघून मला सुचलं. ज्याच्या अंगात ती अफू कमी, त्याला चटका आधी जाणवणार! कडूबाई आधी म्हणाल्या, "माझ्या गिलासाला शेपटी लावायची न्हाई." मग स्वतःचा तांब्या दिला, त्यात आधण ओतून वर गार पाणी घातलं, बोट बुडवून बघितलं आणि विचारलं, "लेकराला भाजणार न्हाई ना?" एकेका उंदराची शेपटी त्या पाण्यात, आणि सगळी गाडी मोठ्यानं अंक मोजणार. काहींनी तीन-चारलाच शेपटी झटकली. काही नऊ-दहापर्यंत निवांत. तीनला झटकली की सगळे ओरडत, "बिनअडकित्त्याचा!" शेवटी सहा एकीकडे, सहा दुसरीकडे. दत्तरावांनी टोपी उडवली. कडूबाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मला इच्चू चावला तवा म्या हूं का चूं केलं न्हाई. माझ्या डोक्यात अफू लय आसंल का?" असणारच, म्हटलं. त्यांनी हे गाडी सुटेपर्यंत प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं.

इथं आल्यावर कोऱ्या शेपट्या बघून सरांनी कपाळावर हात मारला. मग रक्त तपासलं. बाराच्या बारा बरोबर! पुढच्या आठवड्यात दोन्ही गटांतला एकेक उंदीर मारून मेंदू तपासावे लागले. (त्या दिवशी मी जेवले नाही, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.) पण मामा, उत्तर मिळालं. बिनअडकित्त्याच्या मेंदूत झेलणारी ठिकाणं वाढलेली होती! तुकडे येईनात, म्हणून वाट बघणारी तोंडंच वाढवली बिचाऱ्यानं. आता बाकीच्यांतही हेच दिसायला हवं. तीन वर्षांत एकदाही "बरं" न म्हणणारे सर स्वतः जाऊन पेढे घेऊन आले. मी कॉलेजच्या जिन्यात एकटीच हसत बसले होते.

किशनरावांना हे पत्र वाचून दाखवा. मामींना सांभाळा.

तुमची लाडकी (अजून असेन तर),
सुमंगला

ता. क. दिवाळीला येतेय. एकटी नाही. (घाबरू नका, जावई नाही.) कॉलेजातल्या उंदीरखोलीचं छत सुट्टीत काढणार आहेत. तुमची ज्वारीची खोली या दिवसांत रिकामी आणि गार असते. उरलेले दहा उंदीर तिथं महिनाभर राहतील. मांजर तेवढं किशनरावांकडे पाठवा. गुरुवारी दुपारच्या गाडीनं पोचते, त्यामुळं नकाराचं पत्र पाठवू नका, ते पोचणार नाही.

दुसरा ता. क. फाट्यावर आम्ही अडकित्ता पाहिला, नर-मादी कुणीच पाहिलं नाही. आज सकाळी मोजले तर दहाचे एक्केचाळीस झालेत. मामींना हळूहळू सांगा.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवण्याआधी पुन्हा मोजले. अठ्ठेचाळीस.