शेवटच्या मिनिटाला मी आतच असेन

मी, खाली सही करणारा, धंद्याने कुलूप-किल्लीवाला, गल्लीत चावीकाका म्हणून ओळखला जाणारा, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही आणि तिचं ऑपरेशन मंगळवारी आहे, पण झडप काही डोक्यात नसते. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने किंवा कोणी भरीला घातलं म्हणून लिहीत नाही. उलट या घरात माझं कोणी काही ऐकत नाही म्हणून लिहितो आहे. लिहिलेलं तरी ऐकावं लागतं, असं वकीलबाई म्हणाल्या. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखंही काही नाही.

कलम एक. राहतं घर आणि बँकेत असेल नसेल ते सगळं माझ्या बायकोला. यात कोणी तोंड घालू नये. तिने संसार केला, दुकान चालत नव्हतं तेव्हाही केला, त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. तक्रार आहे ती फक्त बाहेरच्या दाराबद्दल आणि ती पुढे येईलच. त्या दाराचं लॅच मी स्वतः बसवलेलं आहे. ते बदलू नये.

कलम दोन. दुकानाचा गाळा, किल्ल्यांचं मशीन, कानशी, सुटे स्क्रू आणि खिळ्याला टांगलेल्या सगळ्या कोऱ्या किल्ल्या माझ्या मुलीला. ती दुसऱ्या शहरात लिफ्ट तपासायच्या नोकरीत आहे, ती काही किल्ल्या घासत बसणार नाही, हे मला कळतं. खुशाल विकावं. फक्त लाकडी मुठीची लहान कानस विकू नये, ती माझ्या हाताला बसली आहे. दुकानाचं सगळं मुलीलाच का, असं माझ्या मेहुण्याला वाटेल. कारण या घरात माझ्या बाजूने ती एकटी होती. आता ही बाजू कसली, ते सांगितल्याशिवाय पुढचं कलम कळायचं नाही.

आमच्या बास्केटबॉलच्या संघात दोन मोठे खेळाडू झाले. पहिला बुटका. सगळ्यांपेक्षा ठेंगणा, पण पाच वेळा करंडक आणला. दुसरा डावरा. तो अजून खेळतो, हे त्याचं शेवटचं वर्ष. त्याने करंडक एकदाच आणला आणि तीनदा अंतिम मालिका हरला. मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, शहर बस चालवतो आणि बुटक्याचं नाव निघालं की बसमध्येसुद्धा पाठ ताठ करतो. मी डावऱ्याचा. मेहुणा करंडक मोजतो. मी म्हणतो, बुटक्याला जोडीला चार दमदार गडी होते, डावऱ्याच्या जोडीला नुसती खोगीरभरती. मेहुणा म्हणतो, मोठा खेळाडू खोगीरभरतीतून गडी करतो. मी म्हणतो, बुटक्याच्या काळात त्याला अडवायला होतं कोण? वर्षानुवर्षं हेच चाललंय. भाजी निवडताना, दवाखान्याच्या रांगेत, माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात त्यांच्या उशाशी बसून. सासरे शेवटी वैतागून म्हणाले होते की दोघंही बाहेर जा.

बाहेर जायचं मात्र माझ्या एकट्याच्या नशिबी आलं. डावऱ्याची पहिली अंतिम मालिका चालू होती. मी दुकान बंद करून घरी पोचलो तेव्हा सामन्याचं शेवटचं मिनिट होतं. दारात उभा राहिलो, डावऱ्याला दोन फ्री थ्रो मिळाले आणि दोन्ही चुकले. मेहुण्याने टीव्हीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. पुढच्या सामन्याला एका गिऱ्हाइकाच्या तिजोरीने मला अडकवून ठेवलं आणि आपण जिंकलो. झालं. एवढ्यावर मी पनवती ठरलो.

तेव्हापासून सामना अटीतटीचा झाला की मेहुणा मान न वळवता म्हणतो, "भाऊजी, जरा बाहेर." ही उठून माझ्या मागे दार ओढून घेते. लॅच लागतं. मी जिन्यात. स्वतः बसवलेल्या लॅचच्या बाहेर, खिशात किल्ली असताना. दार उघडून आत जायला मला कोण अडवणार होतं? पण मी कधीच उघडलं नाही. न जाणो, खरंच माझ्यामुळे हरत असलो तर? संघ जिंकावा असं त्या खोलीत माझ्याइतकं कोणाला वाटत नव्हतं आणि तोच माझा गळफास झाला.

मुलगी तेव्हा शाळेत होती. ती आतून दाराला टेकून बसायची आणि माझ्यासाठी ठोके द्यायची. एक ठोका म्हणजे चुकला, दोन म्हणजे बास्केट. डावऱ्याने करंडक आणला तो शेवटचा चेंडू मी असाच पाहिला. म्हणजे दोन ठोके ऐकले आणि मग आत छप्पर उडालं. मला दार उघडायचं भान कोणाला राहिलं नाही. मी आत गेलो तेव्हा सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले होते आणि मला म्हणाले, रिप्ले दाखवतायत, बघा. रिप्ले कसला बघायचा? शिळा चहा पुन्हा गरम करून दिला तर त्याला चहा म्हणतात का?

याहून चीड येते ती पुढच्या गोष्टीची. त्या चेंडूबद्दल मी काही बोलायला गेलो, त्याने कसा डावीकडे खांदा दाखवला आणि उजवीकडून निघाला, की मेहुणा शांतपणे विचारतो, "तुम्ही बघितलं कुठे, भाऊजी?" वाद तिथेच खलास. मलाच बाहेर काढायचं आणि मलाच विचारायचं! माझ्या आयुष्यात इतकं बिनचूक आणि इतकं अन्यायाचं वाक्य दुसऱ्या कोणी उच्चारलेलं नाही.

कलम तीन. टीव्ही बायकोलाच, घराबरोबर. अट एकच: त्याच्यासमोर बसलेल्या कोणालाही, पाहुणा असो, जावई असो, त्याच्यामुळे संघ हरतो या कारणाने उठवू नये.

कलम चार, बुटक्याची सही असलेला चेंडू. हा काचेच्या कपाटात वरच्या फळीवर आहे. बुटका निवृत्त झाला त्या वर्षी एका दुपारी मला बोलावणं आलं. बघतो तर बुटका स्वतःच्या घराबाहेर उभा, पायात चपला नाहीत, दार मागे लागून गेलेलं. मी उघडून दिलं. त्याने पैसे दिले, चेंडूवर सही करून दिली आणि पाणीही विचारलं. माणूस चांगला, त्यात वाद नाही. मी त्याच्या तोंडावर सांगितलं की आमचा डावरा तुमच्यापेक्षा मोठा होणार. तो हसला आणि म्हणाला, "मलाही तसंच वाटतं. पण कुठे बोलू नका."

मी अर्थातच सगळीकडे बोललो आणि एकानेही विश्वास ठेवला नाही. मेहुणा म्हणाला, साक्षीदार आणा. आता त्या दारात मी, बुटका आणि एक कुंडी, साक्षीदार कुठून आणू? चेंडूवर मात्र मेहुण्याचा पहिल्या दिवसापासून डोळा आहे. घरी आला की कपाटासमोर उभा राहतो, काचेवरची धूळ पुसतो आणि विषय नसताना म्हणतो, या चेंडूची कदर व्हायला हवी.

तर हा चेंडू माझ्यानंतर मेहुण्याला द्यावा. मात्र वकीलबाईंनी बजावलं आहे की मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला किंवा त्याच्या जोडीदाराला त्यातून काही घेता येणार नाही. म्हणून मेहुण्याने साक्षीदार म्हणून सही केल्यास चेंडू मोठ्या मैदानावर खेळणाऱ्या पोरांना द्यावा. कपाटात ठेवायला नाही, खेळायला. सही पुसली गेली तर जाऊ दे.

कलम पाच, सही कधी आणि कुठे. परवा सहावा सामना झाला. मी जिन्यात होतो, आपण जिंकलो, मालिका तीन-तीन अशी बरोबरीत आली. आता सातवा आणि शेवटचा सामना रविवारी दुपारी. डावऱ्याचा हा शेवटचा आणि मंगळवारी माझं जे व्हायचं ते. मी घरात सांगून टाकलं की हा मी बघणार. मेहुणा म्हणाला, परवाच सिद्ध झालं ना? आणि हिने तर डॉक्टरांची चिठ्ठीच पुढे केली, मनावर ताण नको म्हणून. म्हणजे इतकी वर्षं मी संघासाठी घातक होतो, आता संघ माझ्यासाठी घातक. काही झालं तरी मी जिन्यातच.

पण वकीलबाई आणखी एक गोष्ट बोलून गेल्या. सही करताना मी आणि दोन्ही साक्षीदार, तिघांनी एकाच खोलीत हजर असावं आणि सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत कोणी उठू नये, म्हणजे पुढे भानगड नको. मंगळवारच्या आत सही व्हायला हवी, असा हिचाच धोशा आहे. वरच्या मजल्यावरच्या भूगोलाच्या बाईंना रविवारी दुपारीच सवड आहे, निदान मी त्यांना तशी सवड काढायला सांगितली आहे. बायको आणि मुलगी वारस, त्या चालत नाहीत. राहता राहिला मेहुणा. त्याने ठरवावं.

रविवार. इथून पुढचं सामना चालू असताना लिहितो आहे. चौथा क्वार्टर. मेहुणा डावीकडे, भूगोलाच्या बाई उजवीकडे, मुलगी दाराला टेकून, जुन्या जागी. बाईंनी आपला संघ कोणत्या रंगाचा ते दोनदा विचारून घेतलं आहे. मेहुण्याने मागची पानं वाचली. चौथ्या कलमापाशी थांबला आणि कपाटाकडे पाहिलं.

आताच म्हणाला, "भाऊजी, सही करून टाका. अटीतटीला आलंय." मी म्हटलं, अजून कलमं राहिली आहेत.

कलम सहा. माझी छत्री भूगोलाच्या बाईंच्या मिस्टरांना. वकीलबाई ओरडतील तर ओरडू देत.

कलम सात. डावऱ्याने आताच तिघांच्या डोक्यावरून टाकला. मी पाहिला. गरम पाण्याची पिशवी बायकोला, ती तिचीच आहे.

कलम आठ. जिन्यातलं स्टूल, ज्यावर मी बसायचो, ते जाळून टाकावं.

कलम नऊ. ही दारापाशी जाऊन उभी राहिली आहे आणि माझ्याकडे बघते आहे. हात लॅचवर आहे. तिचं म्हणणं तिच्या जागी बरोबर आहे, तिला मंगळवारची भीती वाटते. मलाही वाटते. पण मला घाबरायचं आहे ते आत बसून.

टाइमआउट. चेंडू आपला, एका गुणाने मागे. देण्यासारखं खरंच काही उरलं नाही, सुटे स्क्रूसुद्धा कलम दोनमध्ये गेले. सही करतो. याउपर मला जिन्यात पाठवायचं की नाही, हे साक्षीदारांच्या हातात.

(सही) चावीकाका

साक्षीदार क्रमांक एक: मेहुणा, शहर बसचालक. अक्षर माझं आहे.

भाऊजींनी आमच्या देखत सही केली. मग पेन माझ्याकडे आलं. मी लगेच सही केली असती तर काम संपलं असतं आणि ताईने त्यांना बाहेर नेलं असतं, म्हणून मी पेन धरून बसलो. ताईने दार उघडलंच होतं, तिलाही बसायला सांगितलं. डावऱ्याचा शेवटचा चेंडू रिंगवर फिरला आणि बाहेर पडला. आपण हरलो. त्या वेळी भाऊजी खुर्चीत होते आणि दार उघडं होतं. चेंडू त्यांच्यामुळे चुकला नाही. याआधीचेही त्यांच्यामुळे चुकले नव्हते. हे मी कोणाच्या दबावाखाली न येता लिहून देतो.

कलम चार वाचलं आहे. या सहीनंतर चेंडू मला मिळणार नाही, हे मला समजतं. पोरांनी जपून खेळावं.

मोठा कोण, याबद्दल माझं मत बदललेलं नाही. भाऊजींचंही बदललेलं दिसत नाही, आत्ताच सुरू झाले आहेत. पण आज त्यांनी बघितलं आहे, त्यांना बोलायचा हक्क आहे. माझ्याकडे बुधवारी उत्तर तयार असेल. ते ऐकायला त्यांनी शुद्धीवर यावं.

(सही) मेहुणा

साक्षीदार क्रमांक दोन: वरच्या मजल्यावरील भूगोलाच्या शिक्षिका. वरील सह्या माझ्यासमोर झाल्या. सामना संपल्यावर सही करणारे गृहस्थ रडत होते, पण पूर्ण शुद्धीत होते. छत्री नको.

(सही)

स्थळ: टीव्हीची खोली, आतल्या बाजूला.
दिनांक: सातव्या सामन्याचा रविवार.