गालावरची बोटं

४ फेब्रुवारी

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू भलतंच ऐकतेस, म्हणून पत्र. घाबरू नकोस, आता सगळं ठीक आहे. सोमवारी तान्ही पलंगावरून पडली. ठकूचे बाबा सकाळपाळीला गेलेले, खाली शाळेची गाडी हॉर्न वाजवतेय, आणि मी ठकूचा दुसरा मोजा शोधायला वाकले. तेवढ्यात धप्प. कपाळावर हे एवढं टेंगूळ.

डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, आठ महिन्यांचं मूल एकदा तरी पडतंच, बाळ छान आहे, आईनेच जरा पाणी प्यावं. मला ते घशाखाली उतरलं नाही. चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर लोकांचे डोळे तपासते, आणि स्वतःचं पोर कडेला सरकलेलं मला दिसत नाही! परवा एका आजोबांना एकच भिंग तीनदा लावलं. शेवटी तेच म्हणाले, पोरी, घरी जा.

तू चार दिवस येशील का?

या खुळ्या लेकीवर जरा जास्तच लोभ ठेव.

बेबी

११ फेब्रुवारी

चि. बेबीस, अ. उ. आशीर्वाद.

वाचून आधी छातीत धस्स झालं, मग हसू आलं. तू दोनदा पडली होतीस. बाबांना बोलता येत असतं तर म्हणाले असते, तरीच अशी झाली.

ये म्हणतेस तर जीव तुटतो गं. पण त्यांना कुशीवर वळवायलाही मी लागते. शेजारीण तासभर बसते, चार दिवस कोण बसणार? तू वेळेवर जेव. दुकानातून आलीस की दहा मिनिटं नुसती बस. इथून मला एवढंच सांगता येतं.

तिघींना माझा पापा.

आई

२० फेब्रुवारी

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती. तान्ही पडली त्या दिवशी मी बाथरूममध्ये नळ सोडला आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्या. मोजल्या नाहीत. त्यानंतरही, भात करपला, दुकानात उशीर झाला, की तेच. वाटायचं, नळाच्या आवाजात कुणाला कळत नाही.

काल ठकूच्या हातून दूध सांडलं. मी रागावले नाही, आई, शप्पथ. फडकं घेऊन आले तर ती दाराआड उभी राहून दोन्ही हातांनी आपले गाल बडवत होती. पाच वर्षांची पोर! मी विचारलं, हे काय करतेस? तर म्हणाली, चुकल्यावर असंच करतात ना.

मी तिच्यावर कधी हात उगारला नाही, म्हणून मनात केवढी ऐट होती मला.

रागावू नकोस. किंवा रागाव.

बेबी

२५ फेब्रुवारी

चि. बेबीस, अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र दोन दिवस उशीखाली होतं.

तुला ताप आला की मी जेवायची नाही. भिंतीवर कपाळ आपटायची. तू उंबऱ्यात उभी राहून बघायचीस, तुला आठवत नसेल. बायका म्हणायच्या, केवढी जिवाला लावून घेते ही! मला ते कौतुक वाटायचं. त्यालाच माया म्हणतात असं मी समजून चालले.

काय करावं मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर तेव्हाच थांबले असते. डॉक्टरीणबाईंना सगळं सांग. लाजू नकोस, मी लाजले.

तुझ्या गालांवरून हात फिरवते, इथूनच.

आई

४ मार्च

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मध्ये न बोलता ऐकलं आणि अशा गोष्टींवर बोलणाऱ्या एका बाईंच्या नावाने चिठ्ठी दिली. त्यांची वेळ तीन आठवड्यांनी मिळाली. तोवर काय, हे विचारायचं राहूनच गेलं.

ठकूचं थांबलेलं नाही. काल रंगाची वाटी उलटली आणि तिचे हात वर गेले. मी धावत जाऊन ते धरले, म्हटलं, असं झालं की आई धरेल. तिने विचारलं, मग तुझे कोण धरणार? तोंडावर आलं होतं, तू धर. पण एवढ्याशा पोरीवर कसलं ओझं टाकायचं! म्हटलं, माझे मीच धरेन. ती म्हणाली, दाखव.

मग मी फरशीवर बसून एका हाताने दुसरं मनगट घट्ट धरलं. ठकू समोर बसून बघत होती. आत तान्ही रडायला लागली. उठायलाच हवं होतं, पण आई, मी आणखी थोडा वेळ हात सोडला नाही.

बाबांना नमस्कार. तुझ्या पत्राची वाट बघते.

तुझी
बेबी